प्लायवूडच्या भिंतीमागे

वऱ्हाडातल्या डोणगावसारख्या मोठ्या गावाच्या आठवडी बाजारात नव्यानं बसणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते: मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. धान्यवाल्यांची ओळ ठरलेली, कापडाजवळ बांगड्या, सुकी मासळी पार कडेला. ग्रामपंचायत बाजाराची हर्रास करते, ठेकेदार फी गोळा करतो. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातच तशी तरतूद आहे. कोण कुठं बसणार, याचे तंटे मात्र बहुधा तोंडीच मिटतात.

मॉलमध्ये याच कामाचं रीतसर करिअर झालंय. कोणत्या मजल्यावर कोण, हे ठरवतो लीजिंग विभाग. करारावर सह्या झाल्या की गाळा टेनंट को-ऑर्डिनेटरच्या हाती येतो, आणि तिथून पुढं जे घडतं ते थक्क करणारं आहे.

मॉलमध्ये प्लायवूडनं झाकलेला, ‘लवकरच येत आहोत’ लिहिलेला गाळा तुम्ही पाहिला असेल. आत उघडं छत, कच्ची जमीन, विजेची एक केबल, पाण्याचं एक टोक. सजावटीसाठी ठरावीक मुदत मिळते. ती संपली की सहसा भाडं सुरू होतं, मग दुकान उघडलेलं असो वा नसो. त्यामुळे सजावटीचा नकाशा मंजुरीविना चार दिवस कुणाच्या टेबलावर पडून राहिला, तर त्याची किंमत दुकानदाराच्या खिशातून जाते.

आता त्या छताकडे बघा. पाइपाच्या तोंडाशी लाल द्रव भरलेली, करंगळीहूनही बारीक काचेची कुपी दिसते. हा स्प्रिंकलर. लाल कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते: द्रव प्रसरण पावतो, काच तडकते, पाणी सुटतं. ना वीज लागते, ना बटण. सिनेमात एकदम सगळे फवारे सुरू होतात. खऱ्या इमारतीत साधारणपणे ज्या कुपीला आगीची धग लागली, तीच फुटते. इतकी साधी, इतकी नेमकी युक्ती! पण डिझायनरनं देखणं फॉल्स सीलिंग काढलं आणि कुपी त्याच्या वरच राहिली, तर धग तिच्यापर्यंत उशिरा पोचणार. म्हणून को-ऑर्डिनेटर छताचा नकाशा स्प्रिंकलरच्या नकाशावर ठेवून एकेक बिंदू जुळवतो. मॉलमधल्या हजारो माणसांचा जीव अशा तपासणीवर असतो आणि त्यांतल्या कुणाला को-ऑर्डिनेटरचं नावही माहीत नसतं.

खाण्याच्या दुकानांचं शास्त्र आणखी मजेचं. स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकणारा पंखा आत येणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त हवा ओढतो. आत दाब किंचित कमी राहतो, म्हणून हवा बाहेरून आत वाहते आणि फोडणीचा वास शेजारच्या साडीच्या दुकानात जात नाही.

अशा बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा साचा व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकारानं 1956 मध्ये अमेरिकेतल्या साउथडेल मॉलमध्ये घालून दिला. मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल 1999 मध्ये उघडला. लोअर परळची फिनिक्स मिल तर सुताची गिरणी होती. आज तिच्या आवारात दुकानं आहेत. ज्या मुंबईच्या गिरण्यांना वऱ्हाडानं कापूस पुरवला, तिथं आज वऱ्हाडातली मुलं नकाशे तपासू शकतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कामात स्थापत्य, विद्युत किंवा इंटिरिअरचा डिप्लोमा उपयोगी पडतो. नकाशा वाचता आला पाहिजे, विजेचा भार किलोवॅटमध्ये मोजता आला पाहिजे. त्याहून अवघड म्हणजे ब्रँडचा आर्किटेक्ट, सुतार, वायरमन आणि अग्निशमन सल्लागार यांना एका तारखेवर आणणं. सुरुवात बहुधा साइटवरच होते. तोडफोड, ठोकाठोकी मॉल बंद झाल्यावर करायची असते, म्हणून पहिले कित्येक महिने रात्रपाळी. डोणगावहून निघणाऱ्या मुलामुलींनी हे आधीच घरी सांगून ठेवावं.