साध्या मोटारीचे मोल

मुंबईत जुन्या मोटारींची फेरी निघते, तेव्हा बघ्यांची दृष्टी प्रथम राजेमहाराजांच्या लांबलचक रोल्स-रॉईस गाड्यांकडे वळते. त्यांच्यामागून एखादी वाटोळी, बुटकी गाडी संथपणे येत असते. ती मॉरिस मायनर. जाणता संग्राहक तिच्यापाशी अधिक वेळ रेंगाळतो. याचे कारण मौजेचे आहे. संस्थानिकाची गाडी पहिल्या दिवसापासून जपली गेली. तिच्यासाठी स्वतंत्र मोटारखाना असे, नोकरचाकर असत. डॉक्टराच्या किंवा वकिलाच्या घरची लहान गाडी मात्र रोज राबली, मुलाबाळांना घेऊन गावोगाव हिंडली आणि थकल्यावर भंगारात गेली. ती जपून ठेवावी, असे फारसे कोणाला वाटलेच नाही. म्हणूनच आज ती धड स्थितीत सापडणे कठीण झाले आहे.

ही गाडी १९४८ साली इंग्लंडमध्ये लोकांपुढे आली. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार करावी, हा तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याचा हेतू होता. नमुन्याची गाडी तयार झाली, पण ती त्याला अरुंद वाटली. तेव्हा त्याने ती लांबीच्या दिशेने मधोमध कापविली, दोन्ही भाग ४ इंच दूर सरकविले आणि मग रुंदी नक्की केली! तिच्या बॉनेटवर मधोमध दिसणारी उंच पट्टी ही त्याच खटाटोपाची खूण होय. कारखान्याचे धनी लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच रुचली नाही. त्यांनी तिची तुलना 'पोच्ड' अंड्याशी केली. लोकांचे मत निराळे पडले. पुढे अशा सोळा लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. आरंभीच्या गाड्यांना वळण दाखविणारे दिवे नव्हते. दाराजवळच्या खांबातून एक लहानसा हात बाहेर येई. मुलांना तो आजही फार आवडतो.

आपल्याकडील अ‍ॅम्बॅसडर ही याच घराण्यातील. मॉरिस ऑक्सफर्ड या मोठ्या गाडीवरून ती घडविली गेली आणि कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत तयार होत होती. मुंबईची जुनी टॅक्सी, प्रीमियर पद्मिनी, मात्र इटलीच्या फियाट गाडीवरून आलेली.

अशा गाडीचे यंत्र साधे असते. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर कोठे, ठिणगी कोठून येते, हे डोळ्यांनी दिसते. तिचा खरा शत्रू गंज. पालघर जिल्ह्यातील बेटेगाव, बोईसर, तारापूर हा भाग समुद्राजवळचा. येथील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला कसा खातो, हे तेथील मुलांना सांगावयास नको. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जस्ताचा लेप दिलेले पत्रे तयार होतात, ते याच गंजापासून बचावासाठी. मॉरिस मायनरच्या पत्र्याला असा लेप नव्हता. शिवाय तिला वेगळी चौकट नाही. तळाचा पत्राच गाडीचा भार पेलतो. तो कुजला की गाडी खचते. मग कुशल कारागीर कुजका भाग कापतो आणि नवा पत्रा ठोकून, वाकवून तेथे जोडतो.

परंतु किती कापावे? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीलाच 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. सांगाड्यात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तेव्हा गंज काढावा, पण मूळ गाडी हरवू नये, अशी ही कसरत आहे. नोंदणी झाल्यावर तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आणि जिचा जन्मच रोजच्या कामासाठी झाला, ती प्रदर्शन, फेरी, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांपुरतीच रस्त्यावर येऊ शकते.