पुस्तकाला जामीन

गोंदियाच्या आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दोन तास मी देवघेवीच्या टेबलाशी बसतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर जडलेला हा उद्योग. वाचक येतात, कपाटांवरून नजर फिरवतात आणि शेवटी टेबलाशी येऊन म्हणतात, "काही चांगलं द्या." आयुष्यात काही कादंबऱ्या लिहिल्या, बरीच परीक्षणे लिहिली, पण या तीन शब्दांपुढे मी अजूनही गडबडतो.

त्या मानाने परीक्षण लिहिणे सोपे. कथानक सांगायचे, शैली 'प्रवाही' आहे म्हणायचे, मुद्रणदोषांबद्दल हळहळायचे आणि 'वाचनीय व संग्राह्य' असा शिक्का मारून मोकळे व्हायचे. मीही तो मारला आहे. एकदोनदा तर पुस्तक अर्धेच वाचून. शिफारस म्हणजे मात्र जामिनकी. समोरच्या माणसाच्या आठ रात्री आपल्या शब्दावर जाणार असतात.

हे मला कळले ते 1994 साली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. मी एका शाखेत अधिकारी होतो आणि गावच्या वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवरही होतो. रहस्यकथा, भयकथा हे साहित्य नव्हे, अशी माझी ठाम समजूत होती. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडला मी यादीतून खोडले, नारायण धारपांना खोडले. दुसरीकडे, त्याच गावातली माणसे गोंदिया जंक्शनवरच्या स्टॉलवरून हिंदी पॉकेट बुके घेऊन गाडीत वाचत होती. म्हणजे वाचायची थांबली नव्हतीच. फक्त आमच्या दारात येत नव्हती.

आमच्या शाखेतले शिपाईभाऊ एके दिवशी म्हणाले, "साहेब, मले एखांदं पुस्तक द्या. दवाखान्यात रात्रभर बसा लागते." बायको आजारी होती. मी मोठ्या उत्साहाने उद्धव शेळक्यांची 'धग' दिली. 1960 सालची कादंबरी, वऱ्हाडी बोलीचे मराठीतले लेणे. दारिद्र्याशी झगडत संसार सावरू पाहणारी त्यातली कौतिक म्हणजे आपल्या मातीतली बाई. यांना नक्की भिडेल, असा माझा हिशेब. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले.

"वापस घ्या साहेब. पुस्तक खोटं नाई. पण हे त माह्या घरीच सुरू आहे. वाचून का करू?"

मी 'धग'ची थोरवी सांगायला तोंड उघडले आणि मिटले. ती कादंबरी थोर आहे, आजही माझे तेच मत आहे. पण बँकेत मी धानाच्या बांध्या पाहून, सातबारा तपासून कर्ज मंजूर करत असे आणि घेणाऱ्याच्या घरात काय चालले आहे ते विचारायचे राहून जाई. इथेही तेच केले होते. त्या आठवड्यात स्टॉलवर मिळाले ते एक हिंदी जासूसी पुस्तक त्यांना आणून दिले. त्यांनी ते दोन रात्रीत संपवले. पुढच्या महिन्यात त्यांची बायको गेली. पुस्तकाने काही वाचवले नाही. दोन रात्री तेवढ्या सरल्या.

तेव्हापासून मी आधी दोन प्रश्न विचारतो: शेवटी आवडलेले पुस्तक कोणते, आणि अर्धे टाकून दिलेले कोणते? दुसरे उत्तर जास्त कामाचे. 'स्वामी' आवडली म्हणणाऱ्याला इतिहासच हवा असतो असे नाही. कित्येकांना त्यातले माधवराव आणि रमाबाईंचे नाते हवे असते. धारपांचे वेड लागलेल्या पोराला मी मतकरींच्या गूढकथांकडे नेतो. तिथे रमला तर जी. ए. कुलकर्णींची 'काजळमाया' पुढे सरकवतो. नाही रमला तरी धारप आहेतच; समर्थांच्या कथा वाचून कुणाचे वाकडे झालेले नाही. उलट, हा प्रवास चढणीचा आहे, असे मानण्याची खोड आम्हा लेखकांना असते. एक निवृत्त मुख्याध्यापक नेमाड्यांच्या 'कोसला'कडून अर्नाळकरांकडे आले आणि म्हातारपणी फार सुखात आहेत.

प्रकारांच्या या भिंती किती कच्च्या असतात, त्याची जयंत नारळीकरांची हकिगत मला फार आवडते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. बक्षीस मिळाले. पुढे 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विज्ञानकथेला माजघरात यायला एवढी वर्षे लागली. नाव झाकून पुस्तके वाचायला दिली, तर आमच्या समितीच्या निम्म्या याद्या बदलल्या असत्या.

कधी वाचकच पुस्तक नव्याने दाखवतो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आमच्या भागात घरचे पुस्तक. ते वाचून झालेल्या एका गृहस्थांना मी त्यांचीच 'सत्तांतर' दिली. वानरांच्या टोळ्यांची ती कादंबरी. गृहस्थ पंचायत समितीचे माजी सदस्य. परत देताना म्हणाले, "लेखक आमच्या सभेले कधी आलते जी?" इतके नेमके परीक्षण मला साधलेले नाही.

मागच्या महिन्यात एक बाई टेबलाशी आल्या. शाळेत शिक्षिका आहेत. ओळख दिली तेव्हा कळले, त्या शिपाईभाऊंची धाकटी मुलगी. वडील आता नाहीत.

"काका, आई दवाखान्यात होती तेव्हा बाबांनी एक पुस्तक तुम्हाला परत केलं होतं. ते सांगायचे नेहमी. कोणतं होतं ते?"

मी नाव सांगितले आणि लगेच म्हणालो, "ताई, दुसरं देतो. ते जड जाईल."

"जाऊ द्या. तेच पाहिजे."

कपाटातून काढून दिले. रजिस्टरमध्ये नोंद केली, तारीख टाकली. मुदत होऊन दोन रविवार गेले. पुस्तक अजून आलेले नाही. दंडाचा रकाना मी कोराच ठेवला आहे.