दंगा करणारं मूल काय सांगतंय?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून सरताना उघडतात. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या आसपास तेव्हा पेरणीची घाई असते. आईवडील भल्या सकाळी शेतात जातात, आणि त्याच धांदलीतून सहा वर्षांचं लेकरू पहिलीच्या वर्गात येऊन बसतं. कुणी रडतं, कुणी शेजारच्याला चावतं, कुणी दप्तर घेऊन दाराकडे पळतं. याला गप्प कसं बसवायचं, हा बाईंना पडणारा पहिला प्रश्न. पण त्याआधी विचारायला हवं ते हे की, हे मूल आत्ताच असं का वागतंय?

कारणं बहुधा साधी असतात. भूक, अपुरी झोप, लघवीला जायचं सांगण्याची भीती. घरी वऱ्हाडी ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतली सूचना उमगत नाही आणि ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसतो. शिवाय मनातली ऊर्मी आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. थांबणं, वाट पाहणं, वस्तू वाटून घेणं मुलाला शिकवावंच लागतं, अगदी मुळाक्षरांइतक्या धीराने.

मुलाच्या वागण्यामागे कारण असतं, हे महाराष्ट्रात फार आधी ओळखलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पानं हातात आली. मुलाच्या जगण्याप्रमाणे शाळेची मांडणी बदलायची, हा त्या कामाचा गाभा होता.

आजच्या वर्गातही सुरुवात मांडणीपासूनच करावी. गाणं, गोष्ट, हाताचं काम, मोकळा खेळ, डबा हा क्रम रोज सारखा ठेवावा. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मूल निवांत होतं. बसून ऐकण्याचा वेळ थोडा असावा आणि त्यानंतर अंगाला हालचाल मिळावी. ‘पाणी सांडू नको’ म्हणण्यापेक्षा ‘पेला दोन्ही हातांनी धर’ म्हणावं, म्हणजे काय करायचं ते मुलाला कळतं. ‘शहाणा आहेस’ या मोघम शाबासकीपेक्षा ‘तू खडू परत डब्यात ठेवलास’ हे वाक्य जास्त शिकवतं.

मारामारी झालीच तर आधी दोघांना वेगळं करावं, लागलेल्याला जवळ घ्यावं. रागाच्या भरात उपदेश कानात शिरत नाही. मूल शांत झालं की ‘तुला राग आला होता ना? आता चेंडू हवा असेल तर कसा मागशील?’ असं विचारून तिथेच करून बघायला लावावं. तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर आठवडाभर नोंद ठेवावी: केव्हा, कुठे, त्याआधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं. दंगा नेमका डब्याआधी होतो, असं त्यातून कदाचित दिसेल. मग उपाय डब्याच्या वेळेत आहे.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. कायदा नसता तरी छडी टाळायलाच हवी होती, कारण मार खाल्लेलं मूल भीतीने थांबतं आणि राग आल्यावर काय करायचं हे त्याला कळत नाहीच.

हे सारं एकट्या बाईंवर टाकणं अन्यायाचं आहे. पालकसभेत गुणांबरोबर झोप, न्याहारी आणि घरातला मार यांवरही बोलणं व्हावं. अंगणवाडीताईंनी मुलाविषयी जे ओळखलेलं असतं, ते पहिलीच्या बाईंपर्यंत पोचावं. तीन ते आठ वर्षांचा काळ २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एकच टप्पा मानला आहे. गावातली अंगणवाडी आणि शाळा यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायला त्यासाठी नव्या आदेशाची वाट पाहू नये.