बेटावरच्या मुलींना पोहणे शिकवताना

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, हिंदी महासागरात झांझिबार हा द्वीपसमूह आहे. तो टांझानिया देशाचा स्वायत्त भाग असून उंगुजा आणि पेंबा ही त्यातील दोन मोठी बेटे. चहूकडे समुद्र, तेव्हा तेथे प्रत्येकाला पोहता येत असेल असे आपल्याला वाटते. मुलगे खरोखरच किनाऱ्यावर डुंबत मोठे होतात. परंतु बहुतेक मुलींना पोहता येत नाही. त्यांना शिकवण्यासाठी तेथे काही स्वयंसेविका काम करतात. हे काम कसे चालते आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम गरज पाहू. या बेटांवर बहुतेक लोक बोटीनेच ये-जा करतात. १० सप्टेंबर २०११ रोजी उंगुजाहून पेंबाला निघालेली, प्रवाशांनी खच्चून भरलेली बोट बुडाली आणि शेकडो माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १८ जुलै २०१२ रोजी आणखी एक प्रवासी बोट बुडाली. दुसरी गरज पोटापाण्याची. झांझिबारमध्ये समुद्रशेवाळाची शेती मुख्यतः स्त्रिया करतात. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात खुंट्या रोवून, दोऱ्यांना शेवाळ बांधून ती केली जाते. समुद्राचे पाणी तापू लागल्याने उथळ भागातील चांगल्या जातीचे शेवाळ मरू लागले. तेथील संशोधिका डॉ. फ्लावर मसुया यांनी नळीच्या आकाराच्या जाळ्या वापरून खोल पाण्यात लागवडीचा मार्ग दाखवला. पण ज्या बाईला पोहता येत नाही, तिने खोल पाण्यात जायचे कसे?

२००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने इंडोनेशियातील आचेह प्रांतात पाहणी केली. तेथील चार गावांत वाचलेल्यांमध्ये पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट होती. याची कारणे अनेक होती. त्यांतले एक असे, की पोहणे आणि झाडावर चढणे स्त्रियांपेक्षा पुरुषांना अधिक येत असे.

मग झांझिबारच्या मुली का शिकत नव्हत्या? पाण्याची भीती हे मुख्य कारण नव्हते. तेथील समाज बहुतांशी मुस्लिम असून मुलींनी अंगभर कपडे घालावेत अशी रीत आहे. पोहण्याचा रूढ पोशाख आणि पुरुष शिक्षक या दोन्ही गोष्टी घरच्यांना मान्य नव्हत्या. बेटाच्या उत्तर टोकाला, नुंग्वी परिसरात 'पांजे' प्रकल्पाने या अडचणींवर साधा उपाय काढला. मुलींना अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख दिला आणि गावातल्याच स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार केले. रीत न मोडता मुली पाण्यात उतरल्या. अॅना बॉयाझिस या छायाचित्रकार बाईंनी या वर्गांची टिपलेली छायाचित्रे २०१८ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत गौरवली गेली.

अशा वर्गात शिकवण्याचा क्रम ठरलेला असतो. शर्यतीतले पोहणे नव्हे, तर जीव वाचवणे हा हेतू असतो. आधी तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे, मग उताणे पडून तरंगणे. शिक्षिकेचा हात पाठीखाली असतो. तो हळूहळू काढला जातो. रिकामा प्लॅस्टिकचा कॅन छातीशी धरून तरंगण्याचा सरावही होतो. त्यानंतर हातपाय मारून पुढे सरकणे. शेवटचा धडा सर्वांत महत्त्वाचा : कोणी बुडत असेल तर स्वतः उडी घ्यायची नाही. मोठ्याने हाक मारून मदत बोलवायची आणि काठावरूनच दोरी, बांबू किंवा रिकामा कॅन त्याच्याकडे टाकायचा.

बाहेरून आलेल्या स्वयंसेविकेचे काम यात नेमके कोणते? ती काही महिन्यांसाठी येते आणि निघून जाते. तिने स्वतःच पन्नास मुलींना शिकवले तर ती गेल्यावर वर्ग बंद पडतो. तिने गावातल्या दोघी-तिघींना तयार केले तर वर्ग पुढे चालू राहतो. म्हणून उत्तम पोहता येणे एवढ्यावर भागत नाही. स्थानिक भाषेतले चार शब्द शिकणे, आईवडिलांना भेटून लेखी संमती घेणे, मुलींना कधीही एकटे पाण्यात न सोडणे आणि हळूहळू स्वतः मागे उभे राहणे, हे तिला जमले पाहिजे.

आपले वडोदरा बेट नाही, तरी पाणी आपल्याला परके नाही. २०१९ आणि २०२४ चे विश्वामित्रीचे पूर आपण पाहिले. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, ही जखम अजून ओली आहे. पोहता येणे हा लाइफ जॅकेटला किंवा मोठ्यांच्या दक्षतेला पर्याय नव्हे. नावेत बसताना जॅकेट हवेच. परंतु ज्याला काही मिनिटे तरंगता येते, त्याच्यापर्यंत मदत पोहोचण्यास अवधी मिळतो.

पालकहो, मुलाला तलावावर पाठवताना मुलीचेही नाव घाला. पोशाखाची किंवा वेळेची अडचण असल्यास ती संकोच न करता शाळेत सांगा; अडचण समजली तर मार्ग निघतो. ज्या माता आणि माजी विद्यार्थिनी उत्तम पोहतात, त्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. विश्वस्त मंडळाने मुलींसाठी प्रशिक्षित महिला शिक्षिका आणि वेगळी वेळ यांचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन ठरवला आहे. आरंभासाठी तो दिवस योग्य ठरेल.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, तेव्हा त्यात मुलीही होत्या. पाटी-पेन्सिलीच्या बाबतीत जे तेव्हा झाले, ते पाण्याच्या बाबतीत आता आपण करायचे आहे.