घरांची टंचाई आणि आपण



घरांची टंचाई म्हटले की फुटपाथवर झोपणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या टंचाईचा मोठा भाग चार भिंतींच्या आतच असतो आणि म्हणून तो दिसत नाही.

केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली शहरी भारतात सुमारे १ कोटी ८८ लाख घरे कमी असल्याचा अंदाज मांडला. त्यांत अगदी बेघर कुटुंबे सुमारे ५ लाख ३० हजार होती. याउलट जवळजवळ दीड कोटी कुटुंबांना घर होते, पण दाटी इतकी की विवाहित जोडप्यालाही स्वतंत्र खोली नाही. टंचाई सोसणारी ९५ टक्क्यांहून अधिक कुटुंबे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील होती. आता दुसरा आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत शहरांतील १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी आढळली. म्हणजे एकीकडे दाटी आणि दुसरीकडे कुलूप!

असे का होते? बांधली जाणारी पुष्कळ घरे गरजूंच्या ऐपतीबाहेरची असतात. काही घरे केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेली असतात. काही मालक, भाडेकरू पुढे जागा सोडणार नाही या भीतीने, घर बंद ठेवणेच पसंत करतात. तेव्हा नुसत्या इमारती वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. माणसांनी एकत्र येऊन काय करता येते, याची तीन उदाहरणे आम्ही येथे देतो.

पहिले मुंबईचे. १९१५ साली गावदेवी भागात श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. एकेकट्याला मुंबईत जागा घेणे कठीण होते. सभासदांनी मिळून ते साधले.

दुसरे सोलापूरचे. तेथील विडी कामगार महिलांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली संघटित होऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. स्वतःची बचत आणि सरकारी अनुदान यांच्या मेळातून कुंभारी येथे १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. पुढे त्याच परिसरात ३० हजार घरांची रे नगर योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिच्यातील १५ हजार घरे कामगारांना मिळाली. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या बायकांनी हे केले, हे मुलींनी विशेष लक्षात ठेवावे.

तिसरे तर आपल्या इंदूरचेच. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात अरण्य वसाहतीची आखणी केली. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या वसाहतीत दुर्बल कुटुंबांना पूर्ण घर न देता लहानसा भूखंड, जोते, पाणी, मलनिस्सारण आणि शौचालय अशी सुरुवात दिली गेली. पुढच्या खोल्या कुटुंबाने कमाईप्रमाणे वाढवायच्या. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. पुण्यात जन्मलेले दोशी २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्काराचे पहिले भारतीय मानकरी ठरले. आपल्यापैकी किती जणांनी अरण्य पाहिले आहे?

आता आपल्या समाजाकडे वळू. आपल्याकडे कित्येक घरांतील मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेली. मागे वृद्ध आई-वडील आणि बंद खोल्या उरल्या. त्याच गल्लीत एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात आणि त्यांतलाच एखादा विद्यार्थी जिन्यावर बसून बोर्डाच्या परीक्षेची तयारी करतो. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले महागडी खोली शोधत फिरतात ती वेगळीच.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

एक, ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे, त्यांनी ती भाड्याने देण्याचा विचार करावा. भीती रास्त आहे, परंतु तिचा उपाय कुलूप नव्हे. ठराविक मुदतीचा लेखी करार, त्याची नोंदणी आणि भाडेकरूची पोलीस ठाण्यात माहिती, एवढे आधी करावे. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही लेखी करारावर भर आहे आणि राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. समाजातील वकील मंडळींनी करार तयार करण्यास मदत केली, तर वृद्धांना धीर येईल आणि सोबतही मिळेल.

दोन, प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा शहरी टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. देशात कोठेही पक्के घर नसलेली, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारी कुटुंबे त्यात अर्ज करू शकतात. अनेक जण कागदपत्रांपाशीच अडतात. अशा पालकांनी संकोच न करता शाळेच्या कार्यालयात यावे. अर्ज भरून देण्यास शिक्षक मदत करतील.

तीन, ही विनंती विश्वस्त मंडळींना आहे. शाळा सुटल्यावर आपल्या वर्गखोल्यांनाही कुलूपच लागते. खालच्या मजल्यावरील दोन वर्ग संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासासाठी उघडे ठेवण्याची परवानगी द्यावी. खर्च विजेचा आणि एका शिपायाच्या जादा वेळेचा. देखरेखीची पाळी आम्ही शिक्षक आपसांत वाटून घेऊ. पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, म्हणजे सहामाही परीक्षेपूर्वी सुरुवात करता येईल.