उपवास आणि यकृतातली कणगी

दारफळणीचा सण जवळ आला की मला माझ्या नणंदेचा उपवास आठवतो. पुष्कळ वर्षे झाली. तिला मधुमेह, इन्शुलिन चालू. कोणाला न विचारता तिने पूर्ण उपवास धरला. दुपारी चारच्या सुमारास घामाने डबडबली, बरळू लागली आणि बेशुद्ध झाली. घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन होते. मी नर्स, लगेच टोचले. पंधरा मिनिटे गेली तरी डोळे उघडेना. 101 ला फोन केलाच होता. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा कुठे तिने "वहिनी" म्हणून हाक मारली.

इंजेक्शन का कमी पडले? आपले यकृत जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, सुमारे 100 ग्रॅम. कोकणातल्या घरी भाताची कणगी असे, तशीच ही कणगी. तिच्यातून साखर काढणारे एन्झाइम म्हणजे फॉस्फोरिलेज. ते एरवी स्वस्थ असते. फॉस्फोरिलेज कायनेज नावाचे दुसरे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवते, की ते कामाला लागते. गरज संपली की तिसरे एन्झाइम तो फॉस्फेट काढून घेते. अमेरिकेत एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी ही युक्ती शोधून काढली. 1992 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्लुकागॉन या कायनेजला कामाला लावते, पण स्वतः साखर आणत नाही. रात्र आणि दिवस उपाशी राहिल्यावर कणगी तळाला गेलेली असते. हुकूम पोहोचतो, पण द्यायला काही उरलेले नसते.

म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी सणाच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना विचारावे. गोळ्या-इन्शुलिन मनाने कमी-जास्त करू नये. उपवासात साखर तपासावी. 70 च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडावा: तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावे, इंजेक्शन द्यावे आणि त्याच्या भरवशावर न राहता 101 ला बोलवावे.

जीव वाचवण्यासाठी उपवास मोडावा, हे आपला धर्मच सांगतो. माझी नणंद आता त्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थोडे थोडे खाते, आणि सिनेगॉगमध्ये माझ्या शेजारी बसून प्रार्थना करते.