उष्णतामान आणि परोपजीवी गांधीलमाशी

कीटकांना आपल्यासारखे स्थिर शरीरतापमान नसते. भोवतालची हवा तापली की त्यांची वाढ वेग घेते, थंडावली की मंदावते. म्हणूनच कीटकाची वाढ केवळ दिवसांत न मोजता त्याला लाभलेल्या उष्णतेत मोजणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. या नियमाचे उत्तम उदाहरण आपल्या बेळगाव परिसरातील उसाच्या मळ्यातच पाहावयास मिळते.

उसाच्या खोडकिडीची मादी पानांवर अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी कोवळ्या कोंबात शिरते व मधला पोंगा वाळतो. अळी एकदा आत शिरली की फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. तिला अंड्यातच गाठावे लागते. हे कार्य ट्रायकोग्रामा नावाची, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी करते. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिची अळी आतील द्रव्यावर पोसते, तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते आणि अखेरीस त्यातून पतंगाच्या अळीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. ऊ किंवा गोचीड यजमानाला सहसा जिवंत ठेवते. ही मात्र त्याचा अंत करूनच आपली वाढ पुरी करते.

२५ ते २८ अंश सेल्सिअसला हे जीवनचक्र सुमारे ८ ते १० दिवसांत पूर्ण होते. २० अंशांच्या आसपास त्याला दोन आठवडे लागतात, तर सुमारे १० अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. यामुळेच परोपजीवित अंडी चिकटवलेली ट्रायकोकार्डे काही दिवस शीतकपाटात ठेवता येतात.

परंतु उष्णता जितकी अधिक तितके हित अधिक, असे मात्र नाही. ३५ अंशांपलीकडे अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या माश्यांची संख्या घटते, त्यांचे आयुष्य आखूडते आणि त्या कमी अंडी घालतात. याहून सूक्ष्म हानी वंशाची होते. या कीटकांत फलित अंड्यांतून माद्या व अफलित अंड्यांतून नर जन्मतात. काही परोपजीवी जातींत कोशावस्थेत तीव्र उष्णता सोसलेल्या नरांचे शुक्राणू घटतात, असे आढळले आहे. अशा वेळी पुढच्या पिढीत नरांचे प्रमाण वाढते. आणि पतंगाची अंडी शोधणे हे तर मादीचेच काम!

दुसरी अडचण वेळेची. ट्रायकोग्रामाला ताजी अंडी मानवतात. आत अळी आकारास आली की ते अंडे तिच्या उपयोगाचे राहत नाही. कडक उन्हाळ्यात पतंगाची अंडीही लवकर उबतात, म्हणजे मित्रकीटकाला मिळणारा अवधी आणखी कमी होतो. खोडकिडीचा उपद्रव तर याच दिवसांत अधिक असतो.

म्हणून कार्डाच्या पट्ट्या माश्या बाहेर पडण्याच्या बेतात असताना, सकाळी किंवा सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूस सावलीत लावाव्यात. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून अधिक उष्णता सोसणारा वाणही सिद्ध करण्यात आला आहे.

शत्रू आणि मित्र एकाच उन्हात वाढतात, पण ते ऊन दोघांना सारखे मानवत नाही. पृथ्वीचे तापमान वाढत असताना हा भेद ओळखणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.